एकच मूळ, वेगवेगळा सराव: जिउ-जित्सूबद्दलचे पाच गैरसमज

मुलांना ‘सेल्फ डिफेन्स’ शिकवायचं ठरलं की क्लासच्या फलकांवर ज्युदो, जिउ-जित्सू आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू ही नावं शेजारी शेजारी दिसतात. डाव बरेचसे सारखेच असतात, त्यामुळे गोंधळ होतो. खरा फरक असतो तो मॅटवरचा वेळ कशावर खर्च होतो, यात.

गैरसमज १: सगळं एकच, फक्त नावं निराळी.
वस्तुस्थिती: मूळ एकच आहे, पण वाटा फुटल्या. जपानमधल्या जुन्या जिउ-जित्सूच्या शाखा शिकून जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान काढलं आणि ज्युदोचा पाया घातला. त्याच कोदोकानात तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. तिथल्या ग्रेसी कुटुंबानं जमिनीवरच्या झुंजीवर भर देत ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवलं.

गैरसमज २: जुनं ते अस्सल, स्पर्धेतलं ते लुटुपुटुचं.
वस्तुस्थिती: जुन्या शाखांमध्ये सुऱ्याचा वार, बोटं पिरगाळणं, मर्मावर आघात असं बरंच काही आहे. ते जोडीदारावर पूर्ण जोरानं करून बघता येत नाही. म्हणून हल्ला कोणता आणि उत्तर कोणतं, हे आधी ठरवून जोडीनं सराव होतो. कानोंनी घातक भाग ठरावीक सरावापुरता ठेवला आणि बाकीचे डाव मनापासून विरोध करणाऱ्या जोडीदारावर आजमावायला लावले. असा सराव लुटुपुटुचा नसतो, हे खऱ्या झुंजीतही दिसलं: १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी एलिओ ग्रेसी यांचा हात पिळून मोडला. ब्राझिलियन शैलीत तो डाव आजही ‘किमुरा’ म्हणूनच शिकवतात.

गैरसमज ३: ज्युदोत जमिनीवरचं काही नाही आणि ब्राझिलियन शैलीत फेक नाही.
वस्तुस्थिती: दोन्हीकडे दोन्ही आहे, पण नियम बक्षीस वेगळ्या गोष्टीला देतात. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला जोरात, स्वच्छ पाठीवर फेकलं की कुस्ती निकाली. खाली दाबून २० सेकंद धरलं तरी जिंकता येतं. मात्र जमिनीवर खेळ रेंगाळला की पंच दोघांना उभं करतो. ब्राझिलियन शैलीत फेकीचे २ गुण, पायांचा अडथळा ओलांडून वर आल्याचे ३, छातीवर बसल्याचे किंवा पाठ पकडल्याचे ४. नुसतं दाबून धरून सामना संपत नाही. पाठीवर पडून पायांनी प्रतिस्पर्ध्याला कवेत घेणं म्हणजे आपल्या तालमीत हारच, पण तिथे त्याच स्थितीतून गळा आवळणं किंवा सांधा पिळणं सुरू होतं.

गैरसमज ४: यासाठी नजर तीक्ष्ण हवी.
वस्तुस्थिती: याला उत्तर जबलपूर जिल्ह्यातून मिळालंय. लहानपणी दृष्टी गेलेल्या तिथल्या जानकी गौड यांनी २०१७ मध्ये ताश्कंदला दृष्टिबाधितांच्या आशियाई-ओशनिया ज्युदो स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं. सामान्य ज्युदोत पकड मिळवण्यासाठीच बरीच झटापट होते. दृष्टिबाधितांच्या सामन्यात मात्र दोघी एकमेकींची कॉलर आणि बाही आधीच धरतात, मगच पंच सुरुवात करून देतो. समोरचीचा तोल कुठे ढळतोय, हे पहिल्या क्षणापासून हातांतूनच कळतं. एक नियम बदलला की सरावाचा भरही असा बदलतो. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९८८ पासून आहे, महिलांसाठी २००४ पासून.

गैरसमज ५: ब्लॅक बेल्ट म्हणजे सगळीकडे सारखीच पात्रता.
वस्तुस्थिती: ज्युदोत काळा पट्टा म्हणजे मूलभूत शिक्षण पुरं झाल्याची खूण, तिथूनच ‘दान’ श्रेणी सुरू होतात. ब्राझिलियन शैलीत पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी करत काळ्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षं लागतात. त्यामुळे पट्ट्याचा रंग त्या-त्या शैलीपुरताच बघावा.

क्लास निवडताना फलकापेक्षा तासभराचा सराव बघणं जास्त उपयोगाचं. जोडीदार मुद्दाम पडतोय की खरोखर विरोध करतोय? किती वेळ उभ्यानं जातो, किती जमिनीवर? हार मानून थाप मारली की समोरचा लगेच सोडतो का? पहिल्या दोन उत्तरांवरून शैली कळते, तिसऱ्यावरून शिकवणारे सर.