बीटल्स मोठे की स्टोन्स?

काही वाद मिटवण्यासाठी घातलेच जात नाहीत. कुणी ते मिटवायला आलंच, तर दोन्ही बाजू एक होऊन त्यालाच हुसकावून लावतात. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात असा एक वाद सुरू झाला : बीटल्स मोठे की रोलिंग स्टोन्स? तेव्हा तावातावाने भांडणारी मुलं शाळेत होती. आज ती आजी-आजोबा झाली आहेत आणि भांडण नातवंडांच्या हाती सोपवून स्वतःही त्यात हजर आहेत. मित्रांच्या बैठकीत कुणी जुनी रेकॉर्ड लावायचा अवकाश, की तट पडतात.

या वादाचा निकाल आज इथे लावायचा नाही. हा वाद उभा कसा राहिला, तो मिटत का नाही आणि त्याच्या गदारोळात कुणाचं नाव घ्यायचं राहून जातं, एवढंच पाहू.

आधी दोघांची ओळख. बीटल्स म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. लिव्हरपूल या बंदराच्या शहरातली ही चार मुलं. १९६२च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली रेकॉर्ड आली आणि १९७० साली चौघे वेगळे झाले. स्टोन्स लंडनचे. त्यांचा पहिला कार्यक्रम जुलै १९६२चा. मिक जॅगर गाणारा, कीथ रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स गिटार वाजवणारे. बिल वायमन आणि ड्रमवर बसणारा चार्ली वॉट्स थोड्याच महिन्यांत येऊन मिळाले. यातले काही गेले, काही सोडून गेले, पण बँड मोडला नाही.

लोकांच्या मनात दोघांची चित्रं ठरून गेली होती. बीटल्स म्हणजे कोट-टाय घातलेली, गाणं संपल्यावर वाकून नमस्कार करणारी, आईला आवडतील अशी मुलं. स्टोन्स म्हणजे विस्कटलेले केस, बेफिकीर चेहरा, बापाने दारात उभं करू नये अशी मुलं. गंमत अशी, की ही चित्रं बरीचशी रंगवून घेतलेली होती. बीटल्स १९६० ते १९६२ या काळात जर्मनीत हॅम्बुर्गच्या बदनाम वस्तीतल्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवत होते. अंगात चामड्याची जाकिटं आणि वागणं तसंच रांगडं. त्यांना कोट चढवला तो त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याने. आणि तो ‘दांडगट’ जॅगर? तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता.

स्टोन्सचा व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम हा काही काळ एपस्टाइनकडेच प्रसिद्धीचं काम करत होता. सज्जन मुलांची जागा बाजारात भरलेली आहे, मग आपण नाठाळांची दुकानं थाटावी, हे एकोणीस वर्षांच्या या पोराने बरोबर हेरलं. १९६४ साली एका संगीतविषयक साप्ताहिकाने आपल्या वाचकांना, तुमच्या बहिणीला या स्टोन्सपैकी कुणाबरोबर जाऊ द्याल का, असा प्रश्न मथळ्यात विचारला. ओल्डहॅमला हवं होतं ते मिळालं. म्हणजे चाहत्यांनी ज्याला दोन स्वभावांचं युद्ध मानलं, त्यात दोन व्यवस्थापकांच्या हिशेबाचाही भाग होता.

प्रत्यक्षात ही मंडळी एकमेकांची दोस्त होती. १ जानेवारी १९६२ रोजी डेका कंपनीने बीटल्सची चाचणी घेतली आणि त्यांना नकार दिला. पुढे बीटल्सचा डंका वाजू लागल्यावर डेकाच्या डिक रो या अधिकाऱ्याला हॅरिसनने सुचवलं, स्टोन्स नावाची मुलं आहेत, त्यांना बघा. रो यांनी त्यांना करारबद्ध केलं. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्टोन्सना दुसऱ्या रेकॉर्डसाठी गाणं मिळेना. तेव्हा लेनन आणि मॅकार्टनी यांनी आपलं एक अर्धवट गाणं त्यांच्यासमोर बसून पुरं केलं आणि देऊन टाकलं. ते गाणं म्हणजे ‘आय वॉना बी युवर मॅन’. गाणी अशी बसल्या जागी तयार होतात, मग आपणही का लिहू नयेत, ही गोष्ट जॅगर-रिचर्ड्सच्या डोक्यात पक्की बसली ती या प्रसंगाने, असं मानलं जातं. आपल्या रेकॉर्डी एकाच आठवड्यात येऊन एकमेकींच्या आड येऊ नयेत, याचीही दोन्ही बाजू काळजी घेत. खाली चाहते हमरीतुमरीवर आलेले आणि वर दोन्ही घरची चूल विचाराने पेटवलेली!

मग वादात तथ्य नाही का? आहे. फक्त दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापांनी मोजतात, हे ध्यानात घ्यायला हवं.

बीटल्सचा पक्ष गाणं मोजतो. चाल, शब्द, तीन गळ्यांचे एकमेकांत विणलेले स्वर आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलण्याचा वेग. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. चार वर्षांनी आलेल्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमला काही महिने लागले. मधल्या काळात काय घडलं होतं? २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. श्रोत्यांच्या किंकाळ्यांमध्ये त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी मंच सोडला आणि स्टुडिओ हेच आपलं वाद्य केलं. टेप उलटी फिरवायची, तिचा वेग कमी-जास्त करायचा, चार पट्ट्यांच्या यंत्रावर थरावर थर चढवायचे. जॉर्ज मार्टिन यांच्यासारखा पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेला निर्माता पाठीशी होता. हे सगळं आठ वर्षांत. बीटल्सवाला बोट दाखवतो ते इथे.

स्टोन्सचा पक्ष ठेका मोजतो. गाण्याच्या तोंडाशी गिटारवर येणारा आणि पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा स्वरसमूह, ज्याला रॉकमध्ये रिफ म्हणतात, ही त्यांची खरी दौलत. १९६५च्या ‘सॅटिस्फॅक्शन’चा रिफ मोजून तीन स्वरांवर उभा आहे. पुढे रिचर्ड्सने गिटारच्या सहा तारांमधली एक काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच निराळ्या स्वरांत जुळवल्या. त्यातून त्याच्या गिटारचा तो भरीव, खणखणीत आवाज आला. बहुतेक बँडमध्ये बाकीचे लोक ड्रमच्या मागे चालतात. इथे वॉट्स गिटारकडे कान ठेवून वाजवायचा. त्यामुळे त्यांचा ताल घड्याळासारखा टकटक करत नाही, चालणाऱ्या माणसासारखा किंचित झुलतो. १९६८ ते १९७२ या काळात आलेले त्यांचे चार अल्बम एकापाठोपाठ ऐकावेत, म्हणजे स्टोन्सवाला एवढा ठाम का असतो, ते कळतं. आणि मंचावरचा जॅगर हा तर वेगळाच मुद्दा.

माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला हा फरक ओळखीचा वाटतो. एक कवी कागदावर मोठा असतो. ओळ पुन्हा वाचावी, प्रत्येक वाचनात नवं काही सापडावं. दुसरा मुशायऱ्यात मोठा असतो. तो उभा राहिला, की सभा हलते आणि तो हलणारा क्षण कागदावर पुरता उतरत नाही. या दोघांत मोठा कोण, असं विचारलं, तर आधी विचारावं लागतं, तुम्ही वाचायला बसला आहात की ऐकायला?

काळाचंही तसंच. बीटल्स ऐन तिशीच्या आतबाहेर असताना थांबले. त्यांना बँड म्हणून म्हातारं व्हावंच लागलं नाही. १९८० साली लेननची हत्या झाली आणि पुन्हा एकत्र येण्याची आशाही संपली. २००१ मध्ये हॅरिसन गेला. पुरं झालेलं काम नेहमी निर्दोष दिसतं. स्टोन्स मात्र वाजवत राहिले. चांगले अल्बम आले, सामान्य आले, थट्टा झाली. २०२१ मध्ये वॉट्स गेला, तरी ते मंचावर उभे राहिले. थांबण्यात मोठेपण की टिकण्यात? हा प्रश्न काही फक्त संगीताचा नाही. म्हणूनच तो ऐकणाऱ्याच्या जिवाला लागतो.

चाहत्यांचं मनही पाहायला हवं. पंधरा-सोळाव्या वर्षी मूल आपण कोण हे शोधत असतं. खिशात एका रेकॉर्डपुरते पैसे असतील, तर ती कुणाची घ्यायची, यातून ते जगाला आपली ओळख सांगतं. पुढे माणूस बदलतो, पण त्या वयात घेतलेली बाजू सोडत नाही. कारण ती सोडणं म्हणजे तेव्हाच्या स्वतःला सोडणं. आपल्याकडच्या शाहिरीतल्या कलगी आणि तुरा या फडांनी रात्र-रात्र सवाल-जवाब केले, त्यामागेही हीच ईर्ष्या होती. एकोणिसाव्या शतकात लखनौमध्ये मर्सिया लिहिणाऱ्या मीर अनीस आणि मिर्झा दबीर या दोन महाकवींच्या चाहत्यांचे असेच दोन तट पडले होते, अनीसिये आणि दबीरिये. पुढे शिबली नोमानी यांनी दोघांची तुलना करणारा अख्खा ग्रंथ लिहिला आणि उर्दू समीक्षेला त्यातून बळ मिळालं. पण १८७४ मध्ये अनीस गेले, तेव्हा त्यांच्या मृत्यूचं वर्ष अक्षरांत गुंफणारी शोकाची रचना कुणी केली? दबीर यांनी. कवीला दुसऱ्या कवीची किंमत कळते. अडतं ते तटांचं.

या तटांच्या भांडणात एक तिसरं नाव मात्र हरवतं. ‘रोलिंग स्टोन्स’ हे नावच मुळी मडी वॉटर्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. १९६१ साली डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनवर जॅगर आणि रिचर्ड्स यांची बालपणीची ओळख पुन्हा जुळली, ती जॅगरच्या काखेत मडी वॉटर्स आणि चक बेरी यांच्या रेकॉर्डी होत्या म्हणून. स्टोन्सची पहिली रेकॉर्ड चक बेरी यांच्या गाण्याची. बीटल्सही त्याच चक बेरींची आणि लिटल रिचर्ड यांची गाणी गात मोठे झाले. दोघांचं भांडवल एकाच सावकाराचं होतं, आणि त्या सावकारांना त्यांच्याच देशात वेगळ्या दारातून आत यावं लागत होतं.

दोन्ही बँडनी हे ऋण नाकारलं नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांना वेगवेगळं बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असं बीटल्सनी बजावलं आणि सगळे एकत्र बसले, तेव्हाच गायले. १९६५ साली स्टोन्सना अमेरिकी टीव्हीवर बोलावलं, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फ यांनाही आणण्याचा आग्रह धरला आणि ते गात असताना स्वतः त्यांच्या पायाशी बसले. शिष्यांना गुरू आठवत होते. ‘बीटल्स की स्टोन्स’ असा प्रश्न मांडला, की यादीत दोनच नावं उरतात आणि गुरू त्या यादीतून गळतात.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. हॅरिसनने १९६५ साली एका गाण्यात सतार वाजवली. पुढच्या वर्षी ब्रायन जोन्सने ‘पेंट इट ब्लॅक’मध्ये वाजवली. हॅरिसन १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे शिकायला मुंबईत आला आणि जानेवारी १९६८ मध्ये इथल्याच एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रण केलं. स्टोन्सना मुंबईत येऊन वाजवायला २००३चा एप्रिल उजाडावा लागला. ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. एकजण शिकायला आला, दुसरे वाजवायला आले. इथेही दोघांचा स्वभाव दिसलाच.

आणि खुद्द वादाचे नायक? १९७० साली दिलेल्या एका मोठ्या मुलाखतीत लेनन, स्टोन्स आमची नक्कल करतात, म्हणून तडकला होता. पण १९८८ मध्ये अमेरिकेत रॉक संगीताच्या मानाच्या दालनात बीटल्सचं नाव नोंदलं गेलं, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला मंचावर उभा होता मिक जॅगर. २०२० मध्ये मॅकार्टनीने बीटल्सच सरस असं सांगितलं. जॅगरने हसत उत्तर दिलं, एक बँड आजही मोठमोठ्या मैदानांत वाजवतो आहे आणि दुसरा अस्तित्वातच नाही. झालं, पुन्हा तट पडले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टोन्सचा नवा अल्बम आला, तर त्यातल्या एका गाण्यात बास गिटार वाजवणारा कोण? पॉल मॅकार्टनी! त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लेननच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज वेगळा काढून पुरं केलेलं बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ हे गाणंही आलं.

तेव्हा वाद जरूर घालावा. कलेवर भांडणारी माणसं कलेवर प्रेम करणारी असतात; ज्याला काही वाटत नाही, तो भांडत नाही. अट एकच ठेवावी. समोरच्याने आपल्या बाजूचं एक गाणं लावलं, की ते संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. मग आपलं लावायचं. आणि तिसरं गाणं दोघांनी मिळून मडी वॉटर्स यांचं लावायचं. एवढं पाळलं, तर रात्र सरेल, वाद सरणार नाही, आणि उठताना दोघांच्याही पदरात एकेक गाणं जास्तीचं पडलेलं असेल.