व्हॅन, वॉरंटी आणि हमीदार

मोटारींविषयी चार शब्द लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो. गाडीचे बॉनेट उघडले की मला आत काळोख आणि तेलकट नळ्या यांपलीकडे काही दिसत नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात श्रावणापासून पितृपक्षापर्यंत माझे सारे चित्त एका डिझेल व्हॅनच्या पोटात अडकून पडले होते. त्याला कारण झाली माझीच एक सही.

आमचे गाव खर्डी. कल्याणहून कसाऱ्याची लोकल धरली की आटगाव मागे पडल्यावर डोंगर जवळ येऊ लागतात, तिथले. तानसा आणि वैतरणा आमच्याच शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर. मुंबईला पाणी पाजायचे आणि वैशाखात स्वतः टँकरची वाट पाहायची, हा आमच्या तालुक्याचा जुना शिरस्ता! मी नोकरीनिमित्त कल्याणला बिऱ्हाड केले. आई आणि धाकटा भाऊ गावी राहिले. भाताच्या शेतीवर संसार निघेना, तेव्हा भावाने पतपेढीचे कर्ज काढून एक छोटी डिझेल व्हॅन घेतली. पहाटे गावातली आणि आसपासच्या पाड्यांवरची भाजी भरायची, कल्याणच्या बाजारात उतरवायची आणि येताना दुकानदारांचा माल आणायचा. स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच हमाल. पतपेढीला हमीदार हवा होता. थोरला भाऊ पगारदार. मी बसल्या बैठकीला सही केली. वहिनीने पेढा दिला तो खाल्ला आणि सही विसरून गेलो.

या गाडीला गावात सगळे 'टेंपो' म्हणतात. वास्तविक ती त्या जातीची नव्हे. पण १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' ही कंपनी निघाली, तिच्या तीनचाकी गाड्या महाराष्ट्रभर फिरल्या आणि कंपनीचे नाव हे मराठीत सामान्यनाम होऊन बसले. २००५ साली कंपनीने स्वतःचे नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केले. आपण मात्र अजून टेंपोच म्हणतो. असो. मास्तरांना रस्ता सोडून शब्दामागे जाण्याची खोड असते.

तर गाडी घेऊन अकरा महिने झाले होते. श्रावणातली पहाट, धो धो पाऊस, मागे काकड्या आणि शिराळी खच्चून भरलेली. आटगावच्या अलीकडे गाडीने दोन-चार गचके दिले, मागून पांढरा धूर निघाला, समोरच्या काचपट्टीवर पिवळा दिवा लागला आणि बैल बसावा तशी गाडी बसली. भावाने दुसऱ्याच्या गाडीत माल चढवला, स्वतः भिजत उभा राहिला आणि सहा वाजता मला फोन केला, ''दादा, गाडी गेली. पण घाबरू नको, वॉरंटीत आहे.''

कंपनीचे अधिकृत वर्कशॉप आमच्या गावापासून पन्नासेक किलोमीटर, महामार्गावर. तिथवर गाडी ओढून न्यावी लागली. चौथ्या दिवशी निरोप आला : चारही इंजेक्टर आणि पंप निकामी, कारण डिझेलमध्ये पाणी, सबब वॉरंटी लागू नाही, अंदाजे खर्च अडुसष्ट हजार रुपये. पतपेढीचा हप्ता होता तेरा हजार चारशेचा. गाडी उभी म्हणजे हप्ता थकणार आणि तीन हप्ते थकले की पतपेढी कुणाचे दार ठोठावणार? हमीदाराचे! त्या रात्री मला माझी सही स्वच्छ आठवली. घरात मी काही बोललो नाही. पण मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला टाकलेल्या पैशांचा आकडा मनात दोनदा मोजून पाहिला.

मला यंत्र कळत नाही. छापील मजकूर मात्र कळतो. भावाकडून वॉरंटीची पुस्तिका मागवली. इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरे. भावाने ती अकरा महिन्यांत उघडलीच नव्हती, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या घरच्या शीतकपाटाची पुस्तिका मीही कुठे उघडली आहे? पुस्तिकेत कंपनी काय देते ते अर्ध्या पानात होते आणि काय देत नाही ते अडीच पानांत. बनावटीतला किंवा मालातला दोष असेल तर तो भाग कंपनी फुकट दुरुस्त करील किंवा बदलून देईल. झिजणारे भाग, म्हणजे क्लच-प्लेट, ब्रेकचे लायनर, गाळण्या, पट्टे, यांना हमी नाही. भेसळीचे इंधन, अपघात, जादा वजन यांना नाही. आणि पुढे, ठरल्या वेळी सर्व्हिसिंग न केल्यामुळे उद्भवलेल्या बिघाडाला नाही.

या शेवटच्या कलमाशी मी थबकलो. सर्व्हिसच्या पुस्तकात पहिल्या दोन सर्व्हिसिंगचे शिक्के होते; तिसऱ्याची जागा कोरी. भावाला विचारले तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. वर्कशॉपला जायचे म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून त्याने तिसऱ्या वेळी गावातल्याच गॅरेजात तेल आणि गाळणी बदलून घेतली होती; तीही तीन हजार किलोमीटर उशिरा, आणि बिलाशिवाय.

''त्यात काय दादा,'' तो म्हणाला, ''गॅरेजवाला आपलाच आहे. मागची तारीख टाकून बिल देतो म्हणाला. शिक्का पण मारतो.''

खरे सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. रात्रभर विचार केला. अडुसष्ट हजार आणि एक खोटी तारीख! सकाळी त्याला फोन करून सांगितले की हे नको. त्यात माझा साधुपणा फारसा नव्हता. हल्लीच्या गाडीत बसवलेला संगणक कुठला दिवा केव्हा लागला ते टिपून ठेवतो, हे मला आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले होते. एक खोटा कागद पकडला गेला की बाकीचे खरे कागदही खोटे ठरतात. भावाला मात्र वाटले की दादा पगारावर बसून उपदेश करतो आहे. ''तुझं काय जातंय,'' असे म्हणून त्याने फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस आमचे बोलणे आईमार्फत चालले.

त्या आठ दिवसांत मी जे शिकलो ते वाचकांपैकी ज्यांच्या दाराशी गाडी आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी कागदावर आकृती काढून दाखवली. जुन्या डिझेल गाडीचा पंप गावचा मिस्त्री पान्याने खोलून बसवीत असे. आता इंधन हजार-दीड हजार वातावरणांच्या दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा नियमांनंतर तर हे यंत्र अधिकच नाजूक झाले आहे. पाण्याने ते बिघडते, हे वर्कशॉपचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ''पण पाण्याने बिघडू शकते, आणि पाण्याने बिघडले, ही दोन वेगळी वाक्ये आहेत,'' ते म्हणाले. मराठीच्या मास्तराला हे भौतिकशास्त्राच्या मास्तराने सांगावे, याची मला थोडी लाज वाटली.

मी वर्कशॉपच्या व्यवस्थापकांना भेटायला गेलो. गृहस्थ वागायला सभ्य होते. पाणी असल्याचा अहवाल दाखवा म्हटले, तर अहवाल नव्हता. मिस्त्रीने पाहून सांगितले होते. नकार लेखी द्या म्हटले, तर ते हसले आणि म्हणाले, ''सर, गाडी धंद्याची आहे. ग्राहक कोर्टात तुम्ही ग्राहकच होत नाही.''

हे ऐकून मी निरुत्तर होऊन परतलो. मग एका वकील स्नेह्यांनी माझा गैरसमज दूर केला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळलेली होती, हे खरे. पण जो माणूस स्वयंरोजगारासाठी, पोटापुरते मिळवण्यासाठी, वस्तू घेऊन स्वतः वापरतो तो ग्राहकच. 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स' या १९९५ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा खुलासा करताना स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याचेच उदाहरण दिले आहे. मदतीला एखाद-दुसरा माणूस घेतला म्हणून तो व्यापारी होत नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. शिवाय तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे खर्डीच्या माणसाला कंपनीच्या गावी जावे लागत नाही, ठाण्याचा जिल्हा आयोग पुरतो. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही.

याच स्नेह्यांनी माझा दुसरा भ्रमही घालवला. नातेवाईक सांगत होते, ''नवी गाडीच माग!'' तसे होत नाही. मारुती कंपनीच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर भागच मिळेल, सबंध गाडी नव्हे. तिसरी गोष्ट गोव्याची. तिथे एका ग्राहकाला २०११ साली नवी म्हणून विकलेली गाडी २००९ सालची, आधी चाललेली निघाली. खटला टाटा मोटर्सपर्यंत गेला आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विक्रेत्याच्या करणीत कंपनीचा हात होता असे दाखवल्यावाचून कंपनीला दोषी धरता येणार नाही. ''म्हणून,'' वकील म्हणाले, ''पत्र दोघांनाही लिहा. विक्रेत्यालाही आणि कंपनीलाही. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा ठेवू नका.''

पत्र मी लिहिले. आयुष्यात इतके काळजीपूर्वक दुसरे काही लिहिले नसेल. तिसरे सर्व्हिसिंग उशिरा आणि बाहेर झाले, हे पहिल्याच परिच्छेदात कबूल केले. मग पुस्तिकेतले कलम जसेच्या तसे उतरवून विचारले : तेल उशिरा बदलल्या'मुळे' इंजेक्टर कसे बिघडले ते कृपया लेखी कळवावे. इंधनाच्या तपासणीचा अहवाल द्यावा. काढलेले भाग जपून ठेवावेत. टाकीत अजून डिझेल आहे, त्याचे नमुने आमच्यासमक्ष मोहोरबंद करावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा आयोगाकडे जाऊ.

आता अडचण एकच उरली. डिझेल कुठून, केव्हा भरले याचा पुरावा? भावाचे उत्तर आईने कळवले, ''तो म्हणतो, पावत्या कोण ठेवतो!''

''मी ठेवते की,'' आई म्हणाली.

आमच्या माजघरात खुंटीला एक वाकवलेली तार लटकते. वडील असताना भाताच्या वजनाच्या पावत्या तीत ओवलेल्या असत. भाऊ रात्री शर्ट काढून खुंटीला टाकी, त्याच्या खिशातले चिठोरे आई या तारेत ओवून ठेवीत होती. वाचता येत नव्हते म्हणून तिने काहीच फेकले नव्हते. तार उतरवून पाहतो तो शेवटच्या सात महिन्यांच्या पावत्या, सगळ्या महामार्गावरच्या एकाच पंपाच्या. काहींची शाई उडाली होती. बाकी धडधडीत वाचता येत होत्या. भाऊ त्या दिवशी स्वतः कल्याणला आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ''चहा टाक म्हणावं वहिनीला.''

बाराव्या दिवशी कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला. तरुण, आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने बाटल्यांत डिझेल काढले, उजेडात धरले, यंत्र जोडून गाडीच्या संगणकातली टिपणे वाचली. डिझेलमध्ये पाणी आले की जो दिवा लागतो, तो एकदाही लागल्याची नोंद नव्हती. मग त्याने पंप खोलायला लावला. आत धातूचा बारीक कीस होता. पंपाचाच एक भाग झिजून त्याचा चुरा पुढे इंजेक्टरांत गेला होता. ''हे तेलामुळे नाही, पाण्यामुळेही नाही,'' तो व्यवस्थापकांना म्हणाला, आणि भावाला बाजूला घेऊन, ''सर्व्हिसिंग मात्र इथंच करत जा काका. पुढच्या वेळी मला सही करता येणार नाही.'' भावाने मान डोलावली. 'काका' म्हटल्याचे त्याला जास्त लागले असावे.

पंप, चारही इंजेक्टर आणि त्यांची मजुरी कंपनीने सोसली. क्लच-प्लेट झिजलेली निघाली, ती आमच्या खर्चाने. तेल, गाळण्या आणि गाडी ओढून आणल्याचे भाडे आमचेच. सगळे मिळून अकरा हजारांच्या आत. गाडी सव्वीस दिवस उभी होती. त्या सव्वीस दिवसांची भाजी दुसऱ्यांच्या गाड्यांतून गेली. त्यांतली दोन गिऱ्हाइके अजून परतलेली नाहीत, आणि ते नुकसान कुठल्याच पुस्तिकेत बसत नव्हते. एक हप्ता थकला. तो मी भरला. भाऊ दर महिन्याला त्यातले हजार रुपये मला न चुकता पाठवतो आणि मी ते न बोलता घेतो.

गणपतीला गावी गेलो होतो. गाडी अंगणात धुऊन उभी होती. भावाने वर्कशॉपचे बिल आईच्या हाती दिले. वरच्या पाच ओळींत भागांची नावे आणि समोर रकमेच्या जागी पाच शून्ये.

''किती झाले?'' आईने विचारले.

''काही नाही,'' भाऊ म्हणाला.

''काही नाही तर कागद कशाला दिला?'' असे म्हणून तिने ते बिल तारेत ओवले.