जुना सिमेंटचा पत्रा काढताना

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वस्त्यांत पत्रे बदलण्याची घाई सुरू होते. घरावरचा जुना, राखाडी सिमेंटचा पत्रा बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो. तो अखंड असेपर्यंत धोका कमी. पण फोडला, कापला किंवा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि श्वासावाटे फुफ्फुसांत रुततात. त्यातून होणारा कॅन्सर 20 ते 40 वर्षांनी उघड होतो; म्हणून आज खोकला नाही, यावर निर्धास्त राहू नये. पत्रे उतरवणारे हातही बहुधा आपल्याच माणसांचे असतात.

आमचे सांगणे एवढेच :

• मुलांना व गरोदर बाईला दूर ठेवा. भांडी, पाणी, अंथरूण झाका.
• पत्रा आधी पाण्याने भिजवा. हूक सोडवून अख्खा उतरवा, वरून फेकू नका.
• रुमाल पुरत नाही. घट्ट बसणारा एन-95 तरी लावा.
• कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा.
• तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा. गटारात टाकू नका, चूल-मोरीला वापरू नका. कुठे द्यायचे ते वॉर्ड ऑफिसात विचारा.

नवा पत्रा घेताना ‘अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला’ असाच मागा. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आजही राजरोस विकला जातो.