कामशेतच्या पट्ट्यात शॉर्टवेव्ह : दोष सेटचा की जागेचा?

नवा शॉर्टवेव्ह रेडिओ घरी आला, एरियल पूर्ण ताणली, या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा फिरवला आणि खरखरीपलीकडे काही सापडलं नाही, की निकाल ठरलेला असतो. सेट भंगार निघाला, नाहीतर शॉर्टवेव्ह संपली. पुणे जिल्ह्यातल्या कामशेतपुरतं बोलायचं तर दोन्ही निकालांत बहुधा भलताच आरोपी धरला जातो. हातात मावणारा, सेलवर चालणारा साधा रेडिओसुद्धा इथून आजही परदेशी केंद्रं पकडतो. फक्त तो कुठे ठेवलाय, किती वाजता लावलाय आणि त्याच्या शेजारी काय चालू आहे, हे आधी बघावं लागतं. किमतीचा विचार त्यानंतर.

‘शॉर्टवेव्ह केव्हाच बंद पडली’

हा गैरसमज हवेतून आलेला नाही. बीबीसीची मराठी सेवा १९४२ साली लघुलहरींवर, म्हणजेच शॉर्टवेव्हवर, सुरू झाली आणि १९५८ मध्ये थांबली. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि अख्खा देश शॉर्टवेव्हवरच्या रेडिओ सिलोनकडे वळला. केसकर या एका पुणेकराने लंकेच्या केंद्राचं केवढं भलं केलं, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही! तिथली ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली. तो काळ गेला. रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७ अखेर लघुलहरी सोडल्या. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं.

पण कमी होणं वेगळं आणि संपणं वेगळं. चीनचं आंतरराष्ट्रीय केंद्र अनेक भाषांत, हिंदीतसुद्धा, जोरात ऐकू येतं. रोमानिया, न्यूझीलंड, व्हॅटिकन यांची केंद्रं चालू आहेत, बीबीसी इंग्रजीही आहे. फेब्रुवारी २०२२ अखेर युक्रेनवर हल्ला झाला, त्यानंतर मार्चमध्ये बीबीसीने तिथल्या श्रोत्यांसाठी रोज चार तासांचं शॉर्टवेव्ह प्रसारण नव्याने सुरू केलं. म्हणजे घेणाऱ्याने अपेक्षा नीट ठरवावी. जुनी गाणी आणि मराठी बातम्यांसाठी शॉर्टवेव्ह सेट घेऊ नये. मराठीसाठी आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे, ते मध्यम लहरींचं केंद्र. शॉर्टवेव्ह ज्याला लांबचं, अनोळखी, कधी लागेल कधी नाही असं काही ऐकण्यात गंमत वाटते त्याच्यासाठी.

‘महागडा सेट आणला की खरखर जाते’

जात नाही. उलट सेट जितका संवेदनशील, तितकी तो घरातली खरखरही निष्ठेने ऐकवतो.

हजारो किलोमीटरवरून आलेला सिग्नल एरियलपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची ताकद व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढी उरलेली असते. त्याच्या शेजारी आपण काय मांडून ठेवलंय ते पाहा : एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा बॉक्स, इंटरनेटचा राउटर, बंगल्याच्या छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर. यांतल्या बहुतेकांच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं वीजमंडल असतं आणि त्याचा कचरा नेमका लघुलहरींच्या पट्ट्यात पडतो. त्यात कामशेतची जागाच अशी, की पुणे-मुंबई रेल्वेची २५ हजार व्होल्टची तार गावातून, जुना महामार्ग बाजाराला खेटून आणि द्रुतगती मार्ग जवळच्याच बोगद्यांतून. स्टेशनलगतच्या घरात बसून ‘काही लागत नाही’ म्हणणं स्वाभाविक आहे.

पुणे जिल्ह्याला हा धडा नवा नाही. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात शॉर्टवेव्हवरची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचं प्रक्षेपण केंद्र खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला, मध्ये सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचं अंतर राखून. लांबचा बारीक सिग्नल ऐकायचा तर मोठा आवाज करणाऱ्यापासून लांब बसायचं, हे त्या अभियंत्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याकडे मनोरे होते, जमीन होती, पैसा होता. तरीही शांत जागा त्यांना वेगळी शोधावीच लागली.

तेव्हा घरगुती परीक्षा अशी. रेडिओत सेल घाला, अ‍ॅडॉप्टर काढा. अ‍ॅडॉप्टर हा खरखरीचा सगळ्यात जवळचा उगम, आणि सेटसोबत मिळालेलाच वापरतोय म्हणून तो निर्दोष ठरत नाही. एखादं अशक्त केंद्र लावून ठेवा आणि घराचा मेन स्विच मिनिटभर बंद करा. खरखर एकदम बसली तर गुन्हेगार घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत त्याला पकडता येतं. बसली नाही तर शेजारी, रस्त्यावरचे दिवे किंवा विजेच्या तारा. अशा वेळी रेडिओ उचलून चालू लागणं हाच उपाय, आणि सेट पोर्टेबल घ्यायचा तो त्यासाठीच. बाजारपेठ मागे टाकून नाणे मावळात गोवित्रीच्या बाजूला किंवा पवना धरणाच्या दिशेने आत गेलं, मोकळ्या शेताच्या बांधावर रेडिओ ठेवला, की तोच सेट वेगळा वाटतो. फार्महाऊसवाल्यांनी मात्र कुंपणात वीज सोडलेली नाही ना, एवढं पाहून घ्यावं. तिची ठराविक वेळाने होणारी टक्-टक् बरीच लांबवर ऐकू येते.

‘जितकी लांब तार, तितकी केंद्रं जास्त’

अर्धसत्य. खिडकीतून बाहेर काढलेली पाच-सात मीटर तार, एरियलला चिमट्याने जोडलेली, छोट्या सेटला खरंच मदत करते. घराच्या भिंतींपासून लांब जाते हा तिचा मुख्य फायदा. पण जोशात येऊन तीस मीटर तार झाडाला बांधली, तर लहान सेटचं पुढचं मंडल दबतं. तगडी केंद्रं एकमेकांत मिसळतात आणि डायलवर भलत्याच ठिकाणी भलतेच आवाज उगवतात. सेटवर ‘लोकल-डीएक्स’ असं बटण असेल तर ते अशा वेळी ‘लोकल’कडे करायचं.

रेडिओ गोल फिरवून केंद्र सुधारण्याची सवय मध्यम लहरींवरून आली आहे. तिथे सेटच्या आत फेराइटची कांडी असते आणि ती दिशा ओळखते. शॉर्टवेव्हला काम करते ती बाहेरची धातूची एरियल. सेट फिरवल्याने फार फरक पडत नाही. खिडकीशी नेल्याने पडतो.

मावळात एक गोष्ट विसरून चालत नाही. मे महिन्यातला वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळा इथे विजा कडाडतात. ढग गडगडण्याआधी बाहेरची तार सेटपासून काढून घराबाहेर टाकायची. गडगडाट सुरू झाल्यावर ती काढायला जायचं नाही.

‘ढग आले म्हणून लागत नाही’, ‘डोंगरावर गेलं की जास्त लागेल’

पावसाळी ढगांचे माथे फार तर पंधरा-सोळा किलोमीटरवर. शॉर्टवेव्ह परत पाठवणारा आयनांबराचा थर त्याच्या कितीतरी वर, साधारण दोनशे ते चारशे किलोमीटरवर. लोणावळ्याच्या धो धो पावसाशी आणि धुक्याशी त्याला देणंघेणं नाही. आवाज येतो-जातो तो या थरातून दोन-तीन वाटांनी आलेला सिग्नल कधी एकमेकांना साथ देतो, कधी मारतो म्हणून. पावसाचा दोष एवढाच, की विजांचा कडकडाट लांबूनही ऐकू येतो.

डोंगराचं गणित एफएमला लागू आहे. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, म्हणून दरीत ती तुटते आणि शिंदेवाडीच्या टेकडीवर पॅराग्लायडिंगला गेलेल्याच्या मोबाइलमध्ये खणखणीत वाजते. शॉर्टवेव्ह वरून येते. अगदी कड्याच्या पायथ्याशी चिकटून बसलात तर क्षितिजालगतचा सिग्नल थोडा अडतो, एवढंच. टेकडीवर ती चांगली लागते याचं खरं कारण तिथे घरं नाहीत. मोबाइलचा मनोरा आणि त्याची वीजयंत्रणा असलेल्या टेकडीवर हा फायदाही जातो.

जवळचं केंद्र जास्त स्पष्ट ऐकू येतं, हाही त्याच घराण्यातला समज. वर जाऊन परतलेली लहर प्रक्षेपकापासून बरीच लांब उतरते आणि मधला पट्टा कोरडा राहतो. त्यामुळे चीन लख्ख आणि देशातलंच एखादं केंद्र गायब, असं सहज घडतं.

‘काल लागलं, आज नाही, म्हणजे सेट बिघडला’

आयनांबराचा सगळ्यात खालचा थर दिवसा उन्हाने जागा असतो आणि कमी वारंवारता गिळून टाकतो. रात्री तो विरतो. म्हणून दुपारी १५ ते १७ मेगाहर्ट्झच्या आसपास, संध्याकाळी ९.४ ते ९.९ आणि रात्री ५.९ ते ७.४ इथे शोधायचं. भर दुपारी ४९ मीटरचा, म्हणजे रात्रीचा, बँड लावून कपाळाला हात लावणारे पुष्कळ. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा शिखरकाळ २०२४ च्या सुमारास आला. पुढची काही वर्षं वरचे बँड हळूहळू सुस्तावत जातील. तोही सेटचा दोष नव्हे.

शिवाय केंद्रं आपली वारंवारता वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. वेळापत्रक जागतिक वेळेत छापलेलं असतं, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. सेटच्या तब्येतीबद्दल शंका असेल तर रात्री १० मेगाहर्ट्झवर जा : चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र तिथे सेकंदा-सेकंदाला ठोका देतं. ५ आणि १५ मेगाहर्ट्झवरही असतं. तिथे ठोका आणि इतरत्र सामसूम, तर सेट धड आहे.

‘बारा बँडचा सेट आठ बँडपेक्षा भारी’

डायलवरचे बँड म्हणजे एकाच पट्ट्याचे कापलेले तुकडे. विचारायचा प्रश्न असा, की १.७ ते ३० मेगाहर्ट्झ सलग मिळतं का? मध्ये भोकं असतील तर बाराचा आकडा शोभेचा. स्वस्त काट्याच्या सेटांत आणखी एक फसवणूक असते : एकच केंद्र दोन जागी लागतं, खऱ्या जागी आणि तिथून ९१० किलोहर्ट्झ खाली. कारण आतली मध्यम वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असते आणि तिच्या दुपटीवर भूत उभं राहतं. ‘याच्यात खूप केंद्रं लागतात’ ही स्तुती अनेकदा या भुतांची असते.

आकडे दाखवणारा पडदा म्हणजे डिजिटल रेडिओ नव्हे. ‘डीएसपी’ लिहिलेला सेट आतलं काम चिपवर करतो, पण ऐकतो नेहमीचंच प्रसारण. डीआरएम हे खरं डिजिटल प्रसारण अशा सेटवर नुसत्या जोरदार सूंऽऽ आवाजासारखं वाजतं.

आणि परदेशातल्या भाच्याने आणलेल्या सेटबद्दल एक सूचना. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. सेट १० वर असेल तर तो ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो आणि पुण्याचं ७९२ नीट हाती लागत नाही. बहुतेक सेटांत ही पायरी बदलता येते, पण ती बदलायची असते हेच कोणी सांगत नाही.

‘आपत्तीच्या वेळी शॉर्टवेव्हच तारते’

जाहिरातीत छान दिसतं. पण घाटात दरड कोसळली, वीज गेली आणि मोबाइल मुका झाला, तर बुखारेस्टचं केंद्र त्याची बातमी देणार नाही. तेव्हा उपयोग ७९२ चा आणि एफएमचा. म्हणून शॉर्टवेव्ह सेट घेतानाही त्याची मध्यम लहर कशी आहे ते दुकानातच ऐकून घ्यावं. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे असावेत, हेही बघावं.

‘असलं ऐकायला परवाना लागतो’

एके काळी घरातल्या साध्या रेडिओलाही पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. १९८० च्या दशकात तो रद्द झाला. आज प्रसारणं ऐकायला परवाना नको. प्रक्षेपण करायला हवा. २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला तो अर्थातच परवान्याशिवाय, जागा बदलत बदलत, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत. त्यांनी जाहीर केलेली लहर होती ४२.३४ मीटर. तीनशेला मीटरने भागलं की मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे साधारण ७.०८.

आज त्या जागी काटा नेलात तर हौशी बिनतारीवाले, म्हणजे हॅम, बोलताना सापडतील. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेली ही माणसं ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर असतात आणि साध्या सेटवर त्यांचं बोलणं बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखं ऐकू येतं. त्यांची वाहक लहर आणि एक बाजूपट्टा पाठवलेलाच नसतो. ते बोलणं उलगडायला सेटवर ‘एसएसबी’ लागतं. या पट्ट्यात ‘एलएसबी’ निवडायचं. जास्तीचे पैसे मोजावेत असं काही पोर्टेबल सेटमध्ये असेल तर ते हेच. टेकसन पीएल-३३० सारख्या खिशात मावणाऱ्या सेटवरही ते मिळतं, आणि त्याला जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी चालते. एसएसबी ‘यूएसबी’ बाजूवर केलं की ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर वैमानिकांसाठीचं विमानतळांचं हवामान ऐकू येतं. बँकॉक, सिंगापूर, कोलकाता अशा पाळ्या लागतात आणि त्यांत मुंबईचीही असते.