पटाचा दिवस

सकाळी ६.३०
चहा व्हायच्या आत पहिला फोन. "वहिनी, मुलाच्या आधारची झेरॉक्स आज पाठवाच." पलीकडून उत्तर, "सर, तो बापाशीबरोबर कापणेक गेलो हा. उद्या पाठयतंय." हळवं भात तयार झालंय, पावसाने जरा उघडीप दिली आहे, तिचंही बरोबरच. पण आज मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५. आजच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे आमच्या शाळेत किती शिक्षक राहणार हे. मुलगा कापणीला गेला तरी चालेल, आधार वैध हवं. मी विज्ञान शिकवतो आणि शाळेचं ऑनलाइन कामही माझ्याच गळ्यात आहे.

९.४५
मसुरे हे एक गाव म्हणायचं, पण वाड्या इतक्या की एका टोकाचं मूल दुसऱ्या टोकाला पाहुण्यासारखं येतं. गड नदीच्या काठाने, भरतगडाच्या पायथ्याने पोरं चालत येतात, नाहीतर एसटीने. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, मुलांना सवलतीत. पास असला तरी गाडी वेळेवर हवी, ही गोष्ट वेगळी. "सर, गाडी सुटली म्हणान चलत इलंय," असं सांगत आठवीतला एकजण घामाघूम होऊन दारात उभा राहतो. त्याला उशिराचा शेरा द्यायला हात धजत नाही.

१०.४५
प्रार्थना, परिपाठ, हजेरी. मग कार्यालयात मुलांची माहिती भरायचं यूडायस पोर्टल. एका मुलीचं नाव जनरल रजिस्टरला एक, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुसरंच. ती समोर बाकावर बसून शुद्धलेखन लिहिते आहे, पण पोर्टलच्या लेखी ती अजून नाहीच. रेंज येते-जाते. मी मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून हॉटस्पॉट लावतो. लिपिक म्हणतात, "सर, तास सुरू झाला तुमचा."

११.३०
आठवी, आम्ल आणि आम्लारी. प्रयोगशाळेतला लिटमस कागद संपलाय, म्हणून घरून कोकमाचं आगळ आणि पानाच्या गादीवरून चुना आणला. चुन्याची निवळी दोन परीक्षानळ्यांत घेतली आणि त्यातल्या एकीत आगळाचे थेंब सोडले. लालभडक आगळ निवळीत पडताच रंग पालटून मळकट, हिरवट झालं. मागच्या बाकावरचा, एरवी खिडकीबाहेर बघणारा, उठून पुढे आला. "सर, सोलकढीत चुनो घातलो तर?" वर्ग हसला. मी म्हटलं, "घालून बघ, पण आईस विचारून." मग त्यानेच सांगितलं की त्यात लिंबू पिळलं तर पुन्हा लाल व्हायला हवं. पिळलं. झालं. दिवसातली ही पस्तीस मिनिटं कुठल्याच पोर्टलवर भरायची नसतात.

दुपारी २
मधली सुट्टी. पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीला माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ असा हिशेब. नववी-दहावीची मुलं आपापला डबा उघडतात. नववीत गेलं की भूक कमी होते, असं कोणीतरी ठरवून टाकलेलं दिसतं.

शिक्षकखोलीत चहा आणि वाद. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून यंदा रान उठलं. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव समिती नेमली गेली. पण आमच्या खोलीत आज त्याहून मोठा विषय टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा आहे. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हावं. पन्नाशीचे सहकारी बालमानसशास्त्राचं गाईड उघडून बसलेत. शेजारच्या बाई म्हणाल्या, "परीक्षा देऊ हो. पण पास होईस्तोवर शिकवायला वर्ग उरेल का?"

प्रश्न तिथेच आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला, तर त्या गटाला एकही शिक्षक मंजूर नाही. कोकण मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दहावीत राज्यात पहिलं येणं आमच्या अंगवळणी पडलंय. यंदा ९८.८२ टक्के, राज्याचा निकाल ९४.१०. पण पद निकालावर मिळत नाही, पटावर मिळतं. आणि पट मुंबईला गेलेला आहे. आमच्याच आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेला लाखोंनी माणूस लोटतो, त्यातले कितीतरी चाकरमानी आपली पोरं खांद्यावर घेऊन येतात. जत्रा ३० सप्टेंबरला भरत नाही, एवढंच.

४.१५
दहावीचा जादा तास. अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांची वही तपासून घेतो. एक मुलगा हळूच सांगतो, दिवाळीनंतर धाकट्या भावाला मुंबईच्या शाळेत घालणार आहेत. मी "बरं" म्हणतो. मनात लगेच पुढल्या वर्षीच्या सहावीतून एक वजा होतो. त्या पोराची आठवण येण्याआधी आकडा आठवला, याची लाज वाटली.

रात्री ९
मिशिगनहून आतेबहिणीचा फोन. नवरा डेट्रॉईटकडे मोटारींच्या धंद्यात, मुलगी तिथल्या हायस्कुलात. "उद्या तिला ताप आला तरी शाळेत पाठवा, असा निरोप आलाय," ती हसत सांगते. तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी 'काउंट डे' असतो. त्या दिवशी वर्गात किती मुलं, त्यावर सरकारी पैसा मुख्यतः ठरतो. म्हणून काही शाळा त्या दिवशी पिझ्झा वाटतात. उद्या तोच बुधवार. कॅलिफोर्नियात तर वर्षभराच्या सरासरी हजेरीवर पैसे मिळतात.

म्हणजे मोजदाद सगळीकडेच आहे, आणि ती असायलाही हवी. नाहीतर खोटे पट फुगवणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण तिथे मुलं घटली तर पैसा घटतो. इथे पट वीसच्या खाली गेला की अख्खा शिक्षक जातो. त्यामागोमाग विज्ञान कोणीतरी भाषेचे सर 'जमेल तसं' शिकवतात, ते बघून आणखी दोन पालक मुंबईची गाडी धरतात, आणि मग सरकार म्हणतं, बघा, पट नाहीच. शाळेला कमी मुलं म्हणून शिक्षक कमी, की शिक्षक कमी म्हणून मुलं कमी, हे मोजणारा रकाना पोर्टलवर नाही. वाड्यांच्या गावासाठी पटाबरोबर अंतरही मोजा, एवढीच मागणी आहे. पुढची शाळा किती किलोमीटरवर आणि तिथे एसटी किती वाजता जाते, हे विचारा.

फोन ठेवून पुन्हा पोर्टल उघडलं. त्या मुलीचं नाव अजून लाल रंगातच आहे. उद्या तिच्या वडलांना घेऊन आधार केंद्रावर जायचं, म्हणजे आठवीचा तास बुडणार. तो शनिवारी सकाळी घेतो, असं गटावर कळवून टाकलं. तीन मुलांचं उत्तर लगेच आलं: "सर, लिंबू आमी हाडतो."