भिक्खू पात्र उपडे करतात तेव्हा

बोधगयेच्या महाबोधी महाविहार मुक्ती आंदोलनापासून एक प्रश्न आपल्या विहारांतही ऐकू येतो : "भन्तेंनी चीवर घालून रस्त्यावर कशाला यावे?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी म्यानमारमधील २००७ चे आंदोलन जरूर समजून घ्यावे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये लष्करी सरकारने कोणतीही पूर्वसूचना न देता इंधन दरवाढ केली. डिझेल दुप्पट, सीएनजी सुमारे पाचपट. बसभाडे वाढले, पाठोपाठ अन्न महागले. महागाई कळायला भिक्खूंना वर्तमानपत्र लागत नाही. सकाळी दारोदार फिरताना पात्रात किती भात पडतो, त्यावरून ती कळते. ५ सप्टेंबरला पकोक्कू शहरात मोर्चा काढणाऱ्या भिक्खूंना सैनिकांनी मारहाण केली. सरकारने १७ तारखेपर्यंत माफी मागावी, अशी मुदत भिक्खूंनी दिली. माफी आली नाही.

मग भिक्खूंनी 'पत्तनिक्कुज्जन' हे संघकर्म केले. त्याचा आधार विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवी उपासकाने दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आरोप केला, तेव्हा बुद्धांनी संघाला त्याच्यापुरते पात्र उपडे करायला सांगितले, म्हणजे त्याचे दान स्वीकारायचे नाही. त्याने चूक कबूल केल्यावर पात्र पुन्हा सरळ झाले.

यात शिवीगाळ नाही, दगडफेक नाही. पण दान नाकारले की दात्याचे पुण्य थांबते. सेनाधिकारी विहारांना दान देत आहेत, हे दृश्य म्यानमारच्या सरकारी दूरदर्शनवर नेहमीचेच. त्यांची प्रतिष्ठा त्यावरच उभी होती, म्हणून घाव वर्मी लागला. मेत्त सुत्त म्हणत निघालेल्या भिक्खूंच्या मागे २४ सप्टेंबरला यांगोनमध्ये सुमारे एक लाख लोक होते. दोन दिवसांनी दडपशाही सुरू झाली. विहारांवर रात्री छापे पडले, भिक्खूंना चीवर उतरवून तुरुंगात टाकले.

विराथू हेही त्याच देशातले भिक्खू. त्यांनी मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवला आणि २०२३ मध्ये लष्करप्रमुखांच्या हातून किताब घेतला. माझ्या मते, भिक्खू राजकारणात आहेत की नाहीत यापेक्षा त्यांचे पात्र कुणासमोर उघडे आहे, हे पाहावे.

बोधगयेत मागणी १९४९ चा कायदा रद्द करण्याची आहे. त्या कायद्याच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू सदस्य आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी असतात. भन्ते तिथे कुणासाठी मत मागायला बसलेले नाहीत.