कामाच्या दिवशीचा रक्तदाब

आपलं हृदय चोवीस तासांत साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं, आणि दर ठोक्याला रक्तदाब थोडा निराळा असतो. दवाखान्यात मोजतात तो त्यातल्या मोजक्या ठोक्यांचा. त्यावरून कुणाला आयुष्यभराची गोळी लागते, तर कुणी 'नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त घरी जातं. यात दोन्हीकडून फसगत होऊ शकते. डॉक्टरांसमोर बसलं की बीपी चढणारी माणसं सगळ्यांना माहीत आहेत. उलट प्रकार फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दवाखान्यात १२६/८० आणि कामावर असताना मात्र रोज चढलेला. थॉमस पिकरिंग या डॉक्टरांनी २००२ साली याला 'मास्क्ड हायपरटेन्शन', म्हणजे झाकलेला उच्च रक्तदाब, असं नाव दिलं. तो कुणाला दिसत नाही म्हणून त्यावर उपचारही होत नाहीत, आणि हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडत राहतो. म्हणून नोकरदार माणसानं कामाच्या दिवशीही स्वतःचा रक्तदाब मोजावा, असं मला कळकळीनं वाटतं.

आधी मशीन काय करतं ते पाहू. पट्टा हवेनं फुगतो आणि दंडातली मोठी धमनी काही क्षण दाबून बंद करतो. मग हवा हळूहळू सुटते. रक्त पुन्हा वाहू लागलं की धमनीची भिंत थरथरते आणि ती थरथर पट्ट्यातल्या हवेत उमटते. आधी बारीक, मग वाढत जाणारी, मग परत विरणारी. ती सर्वांत मोठी होते तिथला दाब म्हणजे धमनीतला सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्यावरून गणितानं काढतं आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. डॉक्टर स्टेथोस्कोपनं ऐकतात ते आवाज कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकानं १९०५ साली सांगितले. घरचं मशीन आवाज ऐकत नाही, थरथर मोजतं. त्यामुळे मोजताना बोललात, हात हलवलात, की आकडा बिघडलाच.

मशीन दंडावर बांधायचंच घ्या. मनगटाचं सोयीचं वाटतं, पण हात थोडा वरखाली झाला तरी आकडा बदलतो. पट्ट्याचं माप त्याहून महत्त्वाचं. शिंप्याच्या टेपनं खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब वाढलेला नसतानाही वाढलेला दिसतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधायचा. शर्टाची बाही गुंडाळून दंडाला आवळत असेल तर हात बाहीतून काढलेला बरा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा आणि ज्यावर आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम ठेवा.

बसण्याची पद्धत ठरलेली आहे. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर आणि पट्टा हृदयाच्या उंचीवर. हात लोंबता ठेवला आणि पट्टा हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली गेला, तर तेवढ्यानंच आकडा सात-आठनं वाढतो. आधी लघवीला जाऊन यायचं. अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू, मिश्री नको, जिनेही चढायचे नाहीत. मग पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, फोन लांब ठेवून.

इथं कुणीही विचारेल, पाच मिनिटं शांत बसल्यावर ताण मोजला जाणार कसा? प्रश्न रास्त आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांच्या दंडाला दिवसभर मशीन बांधून पाहिलं होतं. निवांत बसलेल्या वेळेपेक्षा मीटिंगमध्ये वरचा आकडा सरासरी वीसनं आणि खालचा पंधरानं जास्त होता. फोनवर बोलताना सुमारे दहा आणि सात, टेबलावर लिहितावाचताना सहा आणि पाच. साहेबांशी वाद चालू असताना बीपी वाढणं हा शरीराचा धर्मच आहे. ॲड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या क्षणाचा आकडा घेऊन घाबरण्यात अर्थ नाही. घरच्या मोजणीसाठी सरासरी १३५/८५ ही जी मर्यादा धरतात, ती शांत बसून घेतलेल्या आकड्यांची आहे. आपल्याला पाहायचंय ते वेगळं. वाद संपला, आपण स्वस्थ बसलो, तरी दाब खाली येतो की वरच राहतो?

समजा, बँकेची शाखा आहे आणि मार्चअखेर चालू आहे. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्ता आणि गोळी घेण्याआधी पहिली नोंद. दुसरी साडेअकराच्या सुमारास, चहा येण्याआधी. तिसरी दुपारी चारनंतर. शेवटची रात्री झोपण्याआधी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. वहीत वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडीचे ठोके, आणि शेवटच्या रकान्यात मागच्या तासाभरात काय झालं ते. ६.४५, १२८/८२, झोप पाच तास. ११.४०, १४६/९२, मिनिटभरानं दुसऱ्यांदा १३९/८८, कॅशमध्ये फरक लागला होता. ४.३०, १३८/८८, जेवण उशिरा. ९.४५, १२४/८०. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि नेमका तोच पुढे कामाला येतो.

असा एक दिवस पाहून काहीच ठरवू नये. सलग सात दिवस नोंदी घ्या, पहिला दिवस सोडून द्या आणि घरच्या सकाळ-रात्रीची सरासरी व कामावरची सरासरी वेगवेगळी काढा. सुट्टीच्या दिवशीच्या नोंदी निराळ्या ठेवा. घरी १२५ आणि कामावर आठवडाभर १४० असं दिसलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ते कदाचित चोवीस तास अंगावर राहणारं मशीन लावतील. ते दिवसा दर पंधरा ते तीस मिनिटांनी आपोआप मोजतं, रात्री झोपेतही. झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरायला हवा. तो उतरतो की नाही, हे आपल्या वहीत कधीच येणार नाही. रात्रपाळीवाल्यांनी वेळा घड्याळावरून न ठरवता आपल्या उठण्याझोपण्यावरून ठरवाव्यात.

आकडा जास्त आला म्हणून पुन्हा पुन्हा मोजू नका. धास्तीनं तो आणखी चढतो. आपल्या मनानं जादा गोळी तर अजिबात नाही. मात्र १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, एकाएकी अंधुक दिसणं, यातलं काहीही सोबत असेल तर परत मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर मशीनही न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून घ्या. मशीनमधली तारीख-वेळ आधी नीट लावून ठेवा, म्हणजे त्यातल्या साठवलेल्या नोंदी वहीशी जुळतील. आणि चांगले तेवढेच आकडे वेचून लिहू नका. वाईट दिवसाची नोंदही तशीच दाखवा.